न्यूयॉर्कमध्ये घरमालकाकडून हीट मिळवताना

हीट, म्हणजे थंडीत घर तापवायची सोय, येत नाही अशी तक्रार न्यूयॉर्क शहरात कुणीही करू शकतं. ३११ ला, म्हणजे शहराच्या मदत क्रमांकावर फोन करा, नाहीतर ॲपवर भरा, काम झालं. कठीण असतं ते तक्रार बंद होऊ न देणं. माझं डोकं उठलं ते तिथेच, म्हणून आधी तेच लिहिते.

तक्रार नोंदली की शहराचं गृहनिर्माण खातं आधी घरमालकाला किंवा त्याच्या मॅनेजमेंटला कळवतं. मग भाडेकरूला विचारणा होते, हीट आली का? आपण "आली" म्हणालो की तक्रार बंद. आमच्या मॅनेजमेंटला हे पाठ होतं. शहराचा निरोप पोहोचला की दुपारी बॉयलर सुरू, रेडिएटर फुसफुसायला लागणार आणि रात्री पुन्हा थंडगार. इन्स्पेक्टर दिवसा आला तर त्याच्या थर्मामीटरवर जे दिसेल तेच लिहिणार. काल रात्री तुम्ही स्वेटर घालून झोपलात, याचं व्हायोलेशन, म्हणजे नियमभंगाची नोंद, होत नाही.

यावर उपाय एकच, चिकाटी. हीट गेलेली असते त्याच वेळी तक्रार करायची, सकाळी ऑफिसला पोहोचल्यावर नाही. विचारणा झाली तर खरं ते सांगायचं, "आत्ता आहे, रात्री जाते", आणि त्या रात्री गेली की नवीन तक्रार. प्रत्येक तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. खात्याच्या साइटवर इमारतीचा पत्ता टाकला की तक्रारी आणि व्हायोलेशन दिसतात, पुढे कोर्टात ते कामाला येतं. फॉर्मवर विचारतात, फक्त तुमच्या घरात की अख्ख्या इमारतीत? शेजाऱ्यांकडेही नसेल तर "अख्खी इमारत" निवडा आणि त्यांनाही आपापल्या घरातून तक्रार करायला लावा. इन्स्पेक्टर वेळ ठरवून येत नाही. तुम्ही घरी नसलात तर दुसऱ्या कुणाकडे तरी मोजमाप व्हायला हवं. इंटरकॉम बिघडलेला असेल तर फोन नंबर दिल्याशिवाय तक्रार करू नका.

आता आकडे. हीटचा मोसम १ ऑक्टोबर ते ३१ मे. सकाळी ६ ते रात्री १० बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली असेल तर घरात किमान ६८, म्हणजे २० सेल्सियस. रात्री १० ते सकाळी ६ घरात किमान ६२, बाहेर काहीही असो. हे "काहीही असो" २०१७ पासूनचं आहे. त्याआधी रात्री बाहेर ४० च्या खाली गेलं तरच हीट द्यावी लागायची आणि तेही घरात ५५ पुरायचं. काही सुपर, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारे, अजून तोच जुना नियम ऐकवतात, ऐकून घेऊ नका. उलट दिवसा बाहेर ५७ आणि घरात ६४ असेल तर कुडकुडलात तरी नियमभंग नाही. गरम पाण्याला मात्र मोसम नाही, बारा महिने १२० फॅरनहाइट.

नोंदवही ठेवा: तारीख, वेळ, खोली, आतलं तापमान, बाहेरचं तापमान. थर्मामीटर खोलीच्या मध्यावर ठेवा. खिडकीत ठेवलेल्या थर्मामीटरचा आकडा घरमालकाचा वकील दोन वाक्यांत उडवेल.

तक्रारीआधी रेडिएटर बघून घ्या. जुन्या इमारतींत एकाच पाइपची वाफेची व्यवस्था असते. तिथे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट ठेवला की आत पाणी साचतं आणि पाइप ठोकल्यासारखे वाजतात. पाइप गरम आणि रेडिएटर गार असेल तर बहुतेक बाजूचा छोटा एअर व्हेंट अडकलेला असतो. तो बदलणं सुपरचं काम.

तक्रारींनी भागलं नाही तर हाउसिंग कोर्टात एचपी केस, म्हणजे घरमालकाकडून दुरुस्ती आणि हीट मिळवण्यासाठीची केस. शहराच्या क्वीन्स भागात राहणाऱ्यांसाठी ते कोर्ट तिथल्याच जमैकात सटफिन बुलेवार्डवर आहे. फी ४५ डॉलर, परवडत नसेल तर माफीचा अर्ज असतो. घरमालकाबरोबर खात्यालाही पक्षकार करतात. तपासणीच्या अर्जात खोलीवार सगळं लिहा, गळती, बुरशी, तुटकी खिडकी, कारण इन्स्पेक्टर यादीबाहेर बघेलच असं नाही. कागद कसे पोहोचवायचे ते कोर्टाच्या आदेशातच असतं. टपालाने पाठवायला सांगितलं असेल तर पावत्या सांभाळा, तारखेला त्या मागतात. हीटचं व्हायोलेशन 'सी' वर्गात येतं, सगळ्यात गंभीर.

भाडं थांबवायचा सल्ला बरेच जण देतात. वकिलाला विचारल्याशिवाय नको, घरमालक थकबाकीची केस टाकतो. थांबवलंच तर पैसे बँकेत जसेच्या तसे ठेवा.

ओव्हन उघडा ठेवून घर तापवू नका, कार्बन मोनॉक्साइड होतो. स्पेस हीटर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेन्शनवर कधीच नाही. जानेवारी २०२२ मध्ये शहराच्या ब्रॉंक्स भागात एका बिघडलेल्या स्पेस हीटरमुळे लागलेल्या आगीत १७ माणसं गेली.

बेसमेंटमध्ये राहणाऱ्यांसाठी एक राहिलंच. ते घर बेकायदा असेल तर इन्स्पेक्टर आल्यावर जागा रिकामी करण्याचा आदेशही निघू शकतो. त्यामुळे ३११ ला फोन लावण्याआधी भाडेकरूंच्या एखाद्या मोफत कायदेशीर मदत केंद्रात विचारून घ्या.