सादळलेल्या पापडाची चौकशी

श्रावणातल्या एका दुपारी जेवता जेवता बोलणे लांबले आणि पानातल्या उडदाच्या पापडाकडे मी उशिरा वळलो, तेव्हा तो मोडला नाही, वाकला. सातारकरांना यात नवल वाटणार नाही. या दिवसांत यवतेश्वरचा डोंगर आठ-आठ दिवस ढगात बुडालेला असतो, वाळत घातलेले टॉवेल तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागतात आणि काड्यापेटीवर काडी ओढली की तिचे गूल नुसते खरवडून निघते. पण आमच्या घरात पापड वाकायला नको होता. तो वाकू नये म्हणूनच बाथरूमवरच्या माळ्यावर एक भले मोठे यंत्र चार वर्षांपूर्वी बसवलेले आहे. ते त्या क्षणीही घुमत होते आणि त्याच्या घुमण्याचे बिल मी दर महिन्याला निमूटपणे भरत होतो.

हे यंत्र म्हणजे संपूर्ण घराचा डीह्युमिडिफायर. शाहूपुरीतले जुने घर पाडून नवे बांधले, तेव्हा ह्यूस्टनला राहणाऱ्या पुतण्याने त्याचा आग्रह धरला. त्याचे म्हणणे असे, की जुन्या घराला कौलांच्या फटी होत्या आणि दिवसभर धुमसणारी चूल होती, म्हणून ते भिजत असे तसेच सुकतही असे; नव्या घराला रबराच्या पट्ट्या लावलेल्या सरकत्या खिडक्या आहेत, त्यामुळे आत आलेली ओल आतच मुक्काम करणार. यंत्राचे काम समजायला सोपे आहे. गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसाच घाम आतल्या थंड कॉइलला फुटतो, हवेतले पाणी तिच्यावरून ओघळून ट्रेमध्ये पडते आणि तीच हवा पुढे गरम कॉइलवरून घरात परतते. हवेतून एक लिटर पाणी निथळले, की सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता मोकळी होते, म्हणून हे यंत्र एसीसारखे गारवा देत नाही, उलट घर किंचित उबदार करते. पावसाळ्यात मला ते आवडते.

“काका, नुसते कोरडे करणारे घेऊ नका, बाहेरची हवा आत घेणारे घ्या,” असे तो फोनवर म्हणाला होता, तेव्हा मला ते खुळ्यासारखे वाटले होते. ओल ज्या हवेतून येते, तीच हवा पाइप लावून घरात ओढायची? मग मला सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे आठवली. माझे आजोळ सांगलीचे. तिथे कृष्णाकाठच्या घट्ट मातीत खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवत, वरून तोंड बंद करत, आणि नदी हाकेच्या अंतरावर असूनही ती हळद वर्षानुवर्षे खडखडीत राहत असे. (२००५च्या पुराचे पाणी शिरून त्यांतली बरीच पेवे कामातून गेली.) लहानपणी मामाबरोबर पेव उघडताना पाहायला गेलो, तेव्हा तोंडावरचे झाकण काढल्यावर लगेच कोणी आत उतरले नाही. सगळे कडेला बसून राहिले. मी वाकून पाहू लागलो, तर मामाने माझी चड्डी मागून घट्ट धरून ठेवली आणि सांगितले, की आतली हवा माणसाची नव्हे, ती बाहेर पडू दे. हळदीला श्वास घ्यायचा नसतो, माणसाला घ्यायचा असतो. बंद करून कोरडी केलेली जागा आणि राहण्याजोगी कोरडी जागा यांतला फरक मला त्या चड्डीवरच्या मुठीने शिकवला होता. पुतण्याचे म्हणणे मी मान्य केले.

तर पापड. दिवाणखान्यातल्या भिंतीवर यंत्राचा एक छोटा फलक आहे, त्यावर आर्द्रता दिसते. ती पंचावन्न टक्क्यांवर राहावी असे मी ठरवून दिलेले आहे आणि फलक बहात्तर दाखवत होता. फिल्टर काढून पाहिला. तो आठवड्यापूर्वीच धुतलेला होता. पाणी वाहून नेणारी नळी पाहिली, कारण दोन वर्षांपूर्वी तिच्या वळणात शेवाळ साचून ट्रे भरला होता आणि आतला तरंगता खटका वर उचलला जाऊन यंत्र मुकाट्याने बंद पडले होते. या वेळी नळीतून पाणी व्यवस्थित वाहत होते. मग मी मेकॅनिकला बोलावले.

तो शिडीवर चढला, यंत्राला कान लावला, पत्र्यावर दोन टिचक्या मारल्या आणि झाकणाचा एकही स्क्रू न काढता खाली उतरून म्हणाला, “गॅस गेलाय, काका.”

या तीन शब्दांशी माझे जुने वैर आहे. फ्रिज, एसी, दुकानातला पाण्याचा कूलर, काहीही बिघडले की आपल्याकडे गॅस जातो. जणू तो स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा वापरून संपतो. वास्तविक तो तांब्याच्या बंद नळ्यांत फिरत असतो, द्रव होतो, वायू होतो, पुन्हा द्रव होतो, आणि नळीला कुठे भोक पडल्याखेरीज त्याला जायला वाट नसते. गॅस गेला असेल तर भोक शोधून बुजवले पाहिजे. भोक न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. हे मी त्याला सौम्य शब्दांत सांगितले. त्याने ते तितक्याच सौम्यपणे ऐकून घेतले आणि दोन दिवसांनी सिलिंडर घेऊन येतो म्हणाला. ते दोन दिवस माझ्या हातात होते.

पहिला संशय फलकावर घेतला, कारण खोटी साक्ष देणारा साक्षीदार आधी तपासावा. आमच्या आजीचे आर्द्रतामापक म्हणजे मिठाची बरणी. मृगाचे पाणी पडून गेल्यावर रोज सकाळी ती बरणीत बोट घालून पाही. मीठ बोटाला चिकटले, की पापड-कुरडयांचे डबे चुलीवरच्या फळीवर हलवले जात आणि पुस्तकांच्या कपाटात वेखंडाची नवी पुरचुंडी ठेवली जाई. यात अंदाज नव्हता. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळू लागते, आणि हा आकडा इतका पक्का आहे, की आर्द्रतामापके तपासायला जगभर मीठही वापरतात. मीही बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन त्यावर चार थेंब पाणी टाकले, ओल्या वाळूसारखा त्याचा लगदा केला आणि ते झाकण व माझे हातात धरायचे लहानसे आर्द्रतामापक, दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवून दिले. सकाळी मापक सत्त्याहत्तर दाखवत होते. म्हणजे ते दोनाने जास्त दाखवते. मग ते भिंतीवरच्या फलकाशेजारी नेऊन धरले, तर ते चौऱ्याहत्तरवर थांबले. फलक खरे बोलत होता. मीठ वाया घालवल्याबद्दल हिची बोलणी मात्र खावी लागली.

मग बादली. यंत्राच्या नळीचे टोक मोरीतून काढून वीस लिटरच्या बादलीत सोडले. सकाळी सातला ठेवलेली बादली संध्याकाळी सातच्या आत भरली, आणि रात्री ठेवलेली पहाटे. दिवसाला चाळीस लिटरांच्या वर! यंत्राच्या पत्र्यावर त्याची जेवढी ताकद छापली आहे, तेवढे पाणी ते इमानाने काढत होते. गॅस गेलेले यंत्र एवढे पाणी काढील कसे? त्याची कॉइल अर्धीच गार होईल, एका कडेला बर्फ धरेल आणि बादलीच्या बुडाशी तांब्याभर पाणी जमेल. बादलीकडे पाहत मी मोरीच्या उंबऱ्यावर बसलो आणि माझ्या लक्षात आले, की मी चुकीचा प्रश्न विचारत होतो. यंत्र पाणी का काढत नाही हा प्रश्नच नव्हता. एवढे पाणी घरात येते कुठून, हा होता.

असा प्रश्न माझ्या वडिलांनी आधीच विचारला असता. मंगळवार पेठेत त्यांचा लहानसा छापखाना होता, एक ट्रेडल नावाचे छपाईयंत्र आणि अक्षरांच्या खिळ्यांच्या सात-आठ केसी, म्हणजे खणांच्या पेट्या. श्रावणात गणेशोत्सवाच्या वर्गणीची पावतीपुस्तके छापायची घाई असे. त्यांवर दोनरंगी गणपती असे: आधी लाल ठसा, तो वाळला की दुसऱ्या दिवशी पिवळा. आणि दर श्रावणात पिवळा मुकुट गणपतीच्या डोक्यावरून सरकून कानाशी येई. गिऱ्हाईक चित्राच्या ठशाला, ब्लॉकला दोष देई, कामगार यंत्राला. वडील यंत्राला हात न लावता कागदाची एक थप्पी उचलून पट्टीने मोजत. रात्रीत कागद फुगलेला असे, आणि तोही सारखा नाही. तंतू ज्या दिशेने बसलेले असतात तिच्या आडवा अधिक. मग त्यांनी रीम ठेवायच्या लाकडी कपाटात दोनशे वॅटचा बल्ब लावला. तो दिवसरात्र जळे, आणि त्याच्या उबेत आमची मांजर विणीसाठी जागा धरून बसे, हा एक वेगळाच ताप होता. पुढे कॉलेजात असताना कुठेतरी वाचले, की आज आपण ज्याला एसी म्हणतो त्याची सुरुवातही अशाच दुखण्यापासून झाली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगून रंगावर रंग बसत नव्हता, आणि त्यावरचा उपाय म्हणून विलिस कॅरिअर या पंचविशीतल्या इंजिनियराने १९०२ साली हवेतला दमटपणा आवरणारी यंत्रणा आखून दिली. उकाड्याचा विचार मागाहून झाला. हे वडिलांना सांगितले तेव्हा ते, त्याच्याकडे मांजर नसणार, एवढेच म्हणाले.

पाणी घरात येते कुठून? स्वयंपाक, अंघोळी आणि घरात वाळत घातलेले कपडे मिळून पाच-दहा लिटर धरू. बाकीचे हवेबरोबर येत असणार. या दिवसांत बाहेरच्या एक घनमीटर हवेत सुमारे वीस ग्रॅम पाणी असते आणि मला घरात साधारण तेरा हवे असते, म्हणजे आत घेतलेल्या प्रत्येक घनमीटरमागे सात ग्रॅम यंत्राला काढावे लागते. त्यासाठीच बाहेरच्या हवेच्या पाइपात एक झडप आहे, तिला डॅम्पर म्हणतात. ती तासातून दहा मिनिटे उघडते आणि मग मिटते. आजी हेच हाताने करत असे. पाऊस धरलेला असताना खिडक्या बंद, आणि उघडीप पडली की घरभर हाका मारून सगळी दारे-खिडक्या सताड. यंत्राला उघडीप कळत नाही, ते घड्याळावर चालते, हा त्यातला दोष मला पहिल्यापासून सलतो. पण आता ती झडप मिटतच नसेल तर? मग ते बिचारे आमचे घर कोरडे करत नव्हते, कासच्या पठारावरून उतरणारे ढग कोरडे करत होते.

आणि तेव्हा मला तो आवाज आठवला. गेले महिनाभर दर तासाला माळ्यावरून टक-टक-टक असे काहीतरी ऐकू येत असे, आणि आम्ही दोघे ते पाल म्हणून सोडून देत होतो.

मेन स्विच बंद केला, थोडा वेळ जाऊ दिला, कारण कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि ती ज्येष्ठ नागरिक पाहून सोडत नाही, मग टॉर्च दातांत धरून पाइपाचे जोड सोडवले. झडप अर्धवट आडवी उभी होती. तिच्या कडेला आणि पाइपाच्या भिंतीला जोडून सुपारीएवढ्या चार गोलाव्यांचे मातीचे घर होते, वरून बोटांनी लिंपल्यासारखे गुळगुळीत. कुंभारीण माशीचे. उन्हाळ्यात यंत्र बंद असते आणि भिंतीबाहेरच्या तोंडाची जाळी एका कोपऱ्यात फाटलेली आहे, ती मी दोन वर्षे दिवाळीत बदलणार होतो. झडपेची लहानशी मोटर दर तासाला तिला मिटवायला जाई, मातीवर आपटे आणि टक-टक करून थांबे. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने मी ते घर सोडवले. तीन खोल्यांना वर भोके होती, त्यांतली पिल्ले उडून गेलेली; चौथी बंद होती, ती हातात फुटली. आत अळी वाढलीच नव्हती, पण तिच्यासाठी आईने कोंबून ठेवलेले बारीक कोळी तसेच होते, सात का आठ, पाय जवळ घेतलेले, कुरडईच्या चुऱ्यासारखे कोरडे. ज्या पाइपातून सगळा श्रावण आमच्या घरात आला, त्याच पाइपात बांधलेले ते घर आतून ठणठणीत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फलकावर सत्तावन्न आले, आणि बादली दिवसभरात निम्मीही भरली नाही. रात्रीच्या जेवणात पापड मोडला. त्याचा आवाज हिलाही ऐकू जावा म्हणून मी तो जरा कानापाशी नेऊन मोडला, याचा उल्लेख तिने नंतर पाहुण्यांसमोर केला. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे आहेत ते आता काढून टाकावेत, असे मी सुचवले, तर ती म्हणाली, “राहू देत. तुमचे यंत्र पुढच्या पावसाळ्यात कोणाला घर भाड्याने देईल, सांगता येत नाही.”

मेकॅनिक ठरल्याप्रमाणे सिलिंडर घेऊन आला. मी त्याला मातीचे तुकडे दाखवले, बादलीचा हिशेब सांगितला आणि मिठाचाही. त्याने सगळे मन लावून ऐकले, मातीचा एक तुकडा नखाने टोकरून पाहिला, “लई पक्कं काम करत्यात ह्या,” म्हणाला, आणि बाहेरची जाळी सफाईने बदलून दिली. चहा पिताना तो काही वेळ गप्प होता. मग कप खाली ठेवून त्याने माळ्याकडे पाहिले.

“तरी पण काका,” तो म्हणाला, “गॅस थोडा कमीच वाटतोय. दिवाळीनंतर एकदा बघून घेऊ.”

मी बरे म्हणालो.