दुर्बीण हातात देत नाहीत, मग शिकता काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. लग्नात, एसटीत, ज्युनिअरांच्या ग्रुपवर सारखं तेच: "पोटाच्या वॉर्डात पोस्टिंग म्हणजे एंडोस्कोपीच्या, म्हणजे तोंडातून पोटात दुर्बीण घालून बघायच्या खोलीत नुसतं उभं राहायचं. दुर्बीण तुम्हाला कोणी हातात देत नाही. उद्या तालुक्याला गेलात तर तिथं ती नसतेच. मग शिकता काय?"

देत नाहीत, खरंय. आणि देऊही नये. आमच्या वाट्याला दुर्बिणीच्या आधीचं काम येतं: जेवून सहा तास झालेत का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, तोंड किती उघडतं. हे शेवटचं आपल्याकडे फार महत्त्वाचं. वर्षानुवर्षं सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळलेल्या माणसाचं तोंड कधीकधी दोन बोटंही उघडत नाही. दातांत माउथ गार्ड बसत नाही, मग नऊ-दहा मिलिमीटर जाडीची दुर्बीण जाणार कुठून? टेबलावर झोपवल्यावर हे कळलं, तर त्याचा उपास फुकट आणि परतीची गाडीही गेलेली. म्हणून ओपीडीतच त्याची तीन बोटं उभी त्याच्याच तोंडात घालायला सांगून बघायचं.

दारूचंही तसंच. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तेव्हा "दारू पिता का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "नाई जी. मोहाची घेतो थोडीशी." विचारायचं ते किती पव्वे, एकट्यानं की वाटून, आणि किती वर्षं. विदेशीचा १८० मिलीचा पव्वा म्हणजे साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल, एवढा हिशोब जमतो. मोहाच्या बाटलीवर टक्केवारी छापलेली नसते, तिथं वर्षांवरच भागवावं लागतं. बायकोला वेगळं विचारलं की आकडा बहुतेक वाढतो.

पण एका केसवर जरा थांबते. चाळिशीतला शेतमजूर, दोन दिवस डांबरासारखी काळी संडास, मग रक्ताची उलटी. १०८ नं आला तेव्हा हातात २२ नंबरची एकच बारीक निळी सुई, तिच्यातून तीन सलाईन गेलेल्या. चिठ्ठीवर एक ओळ: पुढील उपचारासाठी. सोबत रक्त थांबायचं म्हणून दिलेलं ट्रॅनेक्सा.

अशा लिव्हर खराब झालेल्या माणसाच्या अन्ननलिकेतल्या नसा फुगलेल्या असतात. सलाईन ओतत राहिलं की त्याच नसांतला दाब वाढतो आणि रक्त पुन्हा सुटतं. वरचं बीपी ९० च्या आसपास, हिमोग्लोबिन ७ ते ८, एवढंच आधी साधायचं. त्यासाठी १६ किंवा १८ नंबरच्या दोन जाड सुया, डाव्या कुशीवर झोपवणं, तोंडातलं रक्त ओढून घ्यायला हाताशी सक्शन. नसांतला दाब उतरवणारं टर्लिप्रेसिन २ मिलिग्रॅम, नाहीतर ऑक्ट्रिओटाइड, नुसत्या संशयावरही सुरू करायचं. टर्लिप्रेसिनच्या आधी हृदयाचा त्रास विचारून ईसीजी बघायचा. आणि सेफ्ट्रायॅक्सोन १ ग्रॅम शिरेतून. रक्ताच्या उलटीला अँटिबायोटिक कशाला, असं वाटतं. पण अशा वेळी आतड्यातले जंतू रक्तात आणि पोटातल्या पाण्यात शिरतात, आणि रक्त थांबल्यावरही माणूस त्यानं जातो. ट्रॅनेक्साचं म्हणाल तर २०२० मध्ये सुमारे १२ हजार रुग्णांवरचा हॉल्ट-इट अभ्यास आला: पोटातल्या रक्तस्रावाचे मृत्यू त्यानं कमी होत नाहीत, शिरांत रक्ताच्या गाठी मात्र वाढतात.

बारा तासांच्या आत दुर्बीण झाली, फुगलेल्या नसांना रबरी बँड लागले, रक्त थांबलं. पाचव्या दिवशी पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग दाखवणाऱ्या पांढऱ्या पेशी २५० च्या मर्यादेच्या कितीतरी वर गेल्या होत्या. त्यातच तो गेला.

पहिल्याच तासात सेफ्ट्रायॅक्सोन मिळालं असतं तर? सांगता येत नाही. लिव्हर मुळातच फार राहिलं नव्हतं. आणि पाठवणाऱ्या डॉक्टरवर बोट ठेवणं सोपं आहे. रात्री अख्ख्या रुग्णालयात एकटाच डॉक्टर असतो, त्याच वेळी लेबर रूममध्ये बाई अडलेली असते. पण ते इंजेक्शन तालुक्याच्या कपाटात असतं. दुर्बीण नसते. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे.

पूर्वी मी म्हणायचे, हे सगळं मेडिसिनच्या कॅज्युअल्टीतही शिकता येतं, त्याला वेगळी पोस्टिंग कशाला? ते माझंच जुनं म्हणणं अजूनही मला पूर्ण खोडता येत नाही. फरक पडला तो एवढाच की फुगलेली नस स्क्रीनवर फुटताना बघितल्यावर, सलाईन कुठं थांबवायचं हे पाठ करावं लागलं नाही.

पण आमच्याकडे हे कोणी मुद्दाम शिकवतं असंही नाही. लॉगबुकात पाहिलेल्या एंडोस्कोपींचा रकाना आहे, रेफरची चिठ्ठी लिहिण्याचा नाही. किती सलाईन गेलं, कोणतं औषध किती वाजता, नाडी किती, शेवटचं कधी खाल्लं, हे चिठ्ठीवर लिहायला एकदाही न शिकता पोस्टिंग पुरी करता येते. तशी पुरी केलेल्याला तुमचा हाच प्रश्न विचारलात, तर तुमचंच बरोबर निघेल.