प्रारूप विकास आराखड्याचे तीस दिवस

लहान नगरपरिषदेच्या गावात जमिनीचे भवितव्य खरेदीखतापेक्षा विकास आराखड्याच्या नकाशावर अधिक ठरते, आणि तो नकाशा बहुतेक मालकांच्या नजरेस पहिल्यांदा पडतो तो घर बांधायला किंवा प्लॉट विकायला निघाल्यावर. झोन दाखला हाती येतो, तेव्हा कळते की आपल्या गटाचा काही भाग रहिवास विभागात, काही भाग प्रस्तावित रस्त्यात आणि उरलेला क्रीडांगणाच्या आरक्षणात आहे. तोपर्यंत आराखडा मंजूर होऊन वर्षे लोटलेली असतात आणि हरकत घेण्याची मुदत केव्हाच संपलेली असते. शेजारपाजारच्या लोकांना हरकतीचे अर्ज लिहून देताना हीच गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली, म्हणून या मुदतीविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

नगररचनेचा कायदा आपल्याकडे नवा नाही. मुंबई इलाख्यात तो १९१५ पासून आहे, १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांना विकास आराखडा करणे बंधनकारक झाले आणि आज जो लागू आहे तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. त्यानुसार नगरपरिषद आधी आराखडा तयार करण्याचा इरादा जाहीर करते, मग विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो आणि त्याच्या आधारे प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा बनतो. यातल्या मधल्या टप्प्याकडे कोणाचेच लक्ष नसते, आणि माझ्या मते पुढच्या अनेक तक्रारींचे मूळ तिथेच असते. सर्वेक्षणात ज्या जागेवरचे घर, गोठा किंवा विहीर नोंदली गेली नाही, ती जागा नकाशावर मोकळी दिसते, आणि बाग, शाळा, भाजी मंडई यांसाठी जागा शोधणाऱ्या नियोजकाचे बोट साहजिकच मोकळ्या दिसणाऱ्या जागेवर जाते.

प्रारूप आराखडा तयार झाल्यावर कलम २६ प्रमाणे राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत सूचना प्रसिद्ध होते आणि तीस दिवसांत लेखी हरकती व सूचना मागवल्या जातात. ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडले त्याला घरी वेगळी नोटीस पाठवण्याचे बंधन या टप्प्यावर नाही. ही मला या प्रक्रियेतली सर्वांत मोठी उणीव वाटते. नगरपरिषदेला घरपट्टीचे बिल दरवर्षी प्रत्येक घरी पोहोचवता येते, मग ज्या थोड्या मालकांच्या जमिनीचा वापरच गोठवला जाणार आहे, त्यांना एक पत्र पाठवणे अशक्य नाही. शिवाय परवानगी देताना प्रारूप आराखड्याचाही विचार नगरपरिषदेला करावा लागतो. त्यामुळे अंतिम मंजुरी येण्याआधीच, प्रसिद्धीच्या दिवसापासून, नकाशाचा परिणाम सुरू होतो.

नकाशा नगरपरिषदेच्या भिंतीवर लावलेला असतो. पिवळा रंग रहिवासाचा, हिरवा शेतीचा, इतपत लोकांना ठाऊक असते, पण गटांच्या हद्दी इतक्या बारीक असतात की आपली जमीन नेमकी कुठे आहे हे उभ्या उभ्या सांगता येत नाही. म्हणून आपल्या गटाचा भाग नकाशा रीतसर मागून घ्यावा आणि तो भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणी नकाशाशेजारी ठेवून पाहावा. प्रारूप आराखड्याची प्रत वाजवी किमतीला उपलब्ध करून देण्याची तरतूद कायद्यातच आहे.

बहुतेक हरकती एका ओळीच्या असतात: आमची जमीन आरक्षणातून वगळावी. अशा अर्जाने समितीला काहीच कळत नाही. सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत नगरपरिषदेचे सदस्य असतात आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जाणकारही असतात. त्यांच्यापुढे सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, पूर्वीची बांधकाम परवानगी, जागेची छायाचित्रे आणि शक्य असल्यास त्याच परिसरातली पर्यायी जागा ठेवली, तर अर्जाला वजन येते. सुनावणी हवी असल्यास तसे अर्जातच लिहावे आणि अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये.

आरक्षणांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. गावाला क्रीडांगण हवे, दवाखाना हवा, रुंद रस्ता हवा, आणि त्यासाठी जागा आधी राखून ठेवणे हेच नियोजन. प्रश्न पैशाचा आहे. आरक्षित जमीन संपादन करायची तर मालकाशी वाटाघाटीने रोख मोबदला देऊन, त्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क म्हणजे टीडीआर (दुसऱ्याला विकता येणारा जादा बांधकामाचा हक्क) देऊन, किंवा भूसंपादन कायद्याने, असे मार्ग कलम १२६ मध्ये आहेत. रोख मोबदला लहान नगरपरिषदेच्या आवाक्याबाहेरचा असतो. टीडीआर महानगरात चालतो, कारण तिथे जादा चटईक्षेत्र विकत घेणारा बांधकाम व्यावसायिक असतो. जिथे दुमजली घरापलीकडे कोणी बांधत नाही, तिथे त्या कागदाला गिऱ्हाईक मिळत नाही. परिणामी आरक्षण नकाशावर राहते, मालकाला बांधता येत नाही, विकायला गेल्यास किंमत येत नाही आणि गावाला क्रीडांगणही मिळत नाही.

यावर कायद्याने ठेवलेला उपाय कलम १२७ मध्ये आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक आपल्या हक्काच्या कागदपत्रांसह नोटीस देऊ शकतो, आणि नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्या दिशेने पाऊल उचलले गेले नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. नुसता पत्रव्यवहार म्हणजे पाऊल नव्हे, संपादनाची खरी कार्यवाही सुरू झाली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले. मालकाच्या दृष्टीने हा न्याय्य उपाय आहे, पण तो मिळेपर्यंत एका कुटुंबाची बारा वर्षे निघून जातात, आणि आरक्षण सुटले की त्या पेठेतल्या मुलांची मैदानाची आशाही संपते. म्हणून प्रारूपाच्या वेळीच नगरपरिषदेने स्वतःला विचारले पाहिजे की यातली कोणती आरक्षणे आपण दहा वर्षांत खरोखर घेऊ शकतो. शासकीय जमीन जवळ असताना खासगी गटावर बाग दाखवू नये. जिथे खासगी जमीन घ्यावीच लागेल तिथे समावेशक आरक्षणाचा विचार व्हावा, ज्यात मालक ठरावीक भाग विकसित करून नगरपरिषदेला देतो आणि उरलेला स्वतः वापरतो.

पिवळा पट्टा अपुरा ठेवण्याचे परिणामही असेच गंभीर असतात. रहिवास विभागात जागा महाग झाली की शिक्षक, गवंडी, छोटे दुकानदार शेती विभागातले गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे घेतात, आणि मग रस्ता नाही, गटार नाही, सातबाऱ्यावर नाव नाही अशी वस्ती उभी राहते. अशी गुंठेवारी, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने पाडलेले तुकडे, नियमाधीन करण्याचा कायदा २००१ साली आला, तेव्हा १ जानेवारी २००१ पर्यंतच्या तुकड्यांनाच तो लागू होता. २०२१ च्या सुधारणेने ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत नेली. दोन दशकांत तीच गोष्ट पुन्हा करावी लागली, यावरून परवडणाऱ्या रहिवासी जागेची गरज आराखड्यांनी किती कमी धरली होती हे दिसते. अशा वस्तीत घरपट्टी भरली म्हणजे घर अधिकृत झाले, ही समजूतही घट्ट आहे. कर आकारणीने बांधकाम नियमित होत नाही.

७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरनियोजन हा पहिलाच विषय आहे, तरी आराखड्याला अंतिम मंजुरी राज्य शासनच देते, आणि तिथेही नकाशा बदलू शकतो. समितीपुढे हरकत मान्य झाली म्हणून निर्धास्त झालेल्या लोकांनी हे विसरू नये. शासनाला मोठ्या स्वरूपाचे बदल करायचे असतील, तर आराखड्याचा बाकीचा भाग मंजूर करून ते बदल ‘ईपी’ (एक्सक्लुडेड पार्ट, म्हणजे मंजुरीतून वगळलेला भाग) क्रमांक देऊन वेगळे प्रसिद्ध केले जातात आणि त्यांवर पुन्हा हरकती मागवल्या जातात. ही सूचना पहिल्या सूचनेपेक्षाही कमी लोक वाचतात. आपल्या गावाचा आराखडा शासनाकडे गेला असेल, तर मंजुरीची अधिसूचना आणि तिच्यासोबतची ईपीची अनुसूची दोन्ही मिळवून त्यांत आपला गट क्रमांक शोधावा, आणि तो सापडल्यास समितीपुढे दिलेली तीच कागदपत्रे, आवक क्रमांकाच्या प्रतीसह, दिलेल्या मुदतीत पुन्हा दाखल करावीत.