त्या घरी नाथान आला नव्हता

दफनविधीला आम्ही ख्रिस्ती पाळक बहुधा बायबलमधलं नव्वदावं स्तोत्र वाचतो. आयुष्य सत्तर वर्षांचं, फार तर ऐंशी, हे त्यातलं वचन मंडळीला पाठ असतं. त्याच्या वरच देवाच्या कोपाची वचनं आहेत. म्हाताऱ्या माणसाच्या मातीला ती कुणाला टोचत नाहीत. या वेळी माती चार महिन्यांच्या बाळाची होती.

आदल्या रात्री सांत्वनाच्या सभेत आमच्या चर्चचे एक पंच उठले आणि त्यांनी बायबलातल्या निर्गम पुस्तकाचा विसावा अध्याय काढला: वडिलांच्या अपराधाचं शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत. बाळाच्या आईबापांचं लग्न आंतरधर्मीय, सगळा रोख तिकडे. तेही आईच्या तोंडावर! पाठांतर दांडगं आणि जिभेला लगाम नाही, अशांना मंडळीत कोणी खाली बसवत नाही.

मी लगेच यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 18वा अध्याय वाचला. बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांत एक म्हण रूढ होती: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि दात मुलांचे आंबले. ही म्हण यापुढे इस्राएलात चालणार नाही, असं परमेश्वर तिथे स्वतःची शपथ घेऊन सांगतो. मग निर्दोष असूनही सारं गमावलेल्या ईयोबाच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय. ‘तू पाप केलंस म्हणून भोगतोयस’ असं ईयोबाला ऐकवणारे एलीफज, बिल्दद आणि सोफर. देवाचा कोप भडकतो तो त्यांच्यावर. सात गोऱ्हे आणि सात मेंढे घेऊन त्यांना ईयोबाकडेच जावं लागतं, आणि त्यांच्यासाठी प्रार्थना ईयोब करतो.

लोक पांगल्यावर आईने विचारलं, “पाळकसाहेब, मग दाविदाचं बाळ?”

दुसऱ्या शमुवेलाचा बारावा अध्याय. आपला सैनिक उरीया याला मारवून दाविद राजाने त्याच्या बायकोला, बथशेबेला, घरात आणलं, आणि त्यापायी बाळ सातव्या दिवशी गेलं. परमेश्वराने त्याला आजारी पाडलं, असं स्पष्ट लिहिलंय. पळवाट नाही.

मी म्हणालो, “ताई, दाविदाकडे देवाने नाथान संदेष्ट्याला पाठवलं होतं. त्याने गुन्हा तोंडावर सांगितला. तुमच्याकडे कुणाला पाठवलेलं नाही. पंच आपणहून उठले.”

“पण त्या बाळाने काय केलं होतं?”

सेमिनरीत या अध्यायावर आम्हाला दाविदाचा पश्चात्तापच शिकवला. देवाचा कोप मला शास्त्रातून वगळायचा नाही. पायतणाच्या जोडापायी गरिबाला विकणाऱ्यांवर आमोस संदेष्टा तो कोप घोषित करतो, तिथे मला तो हवाच आहे. पण त्या बाळाचं उत्तर माझ्यापाशी नाही, आणि आईला मी तसंच सांगितलं.

पंचांनी त्या घरी जाऊन आईची माफी मागावी, असं मी येत्या पंच कमिटीत मांडणार आहे.