किनपुनहून वर, चाइटियोला

म्यानमारला आम्ही चौदा जण गेलो होतो, बहुतेक नागपूरचेच. यांगूनला श्वेडगॉन पगोडा झाला, आपापल्या जन्मवाराच्या कोपऱ्यात बुद्धमूर्तीवर पाणी घातलं (तिथे बुधवारचे दोन भाग असतात, सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा, माझा दुपारचा). मग मंडाले, बागान. कुठल्या विहारात काय बघितलं ते आता सगळं मिसळलंय. चाइटियोची वाट तेवढी लख्ख आठवते.

मोन राज्यात डोंगराच्या कड्यावर टेकलेली ती सोन्याची शिळा, पंचवीस फुटांची, वर छोटा पगोडा, आत बुद्धांचा केस आहे अशी श्रद्धा. किनपुन गावातून वर ट्रक जातात आणि आमचे बारा जण ट्रकनंच गेले. मी आणि एक भाऊ मात्र पायी निघालो, साधारण ११ किलोमीटर. माझी आजी १९५६ ला दीक्षेसाठी गावाहून नागपूरला पायी आली होती, कडेवर माझी आत्या. तिचं नाव मनात घेऊन निघाले आणि ट्रकमध्ये बसायचं, हे मला पटेचना.

भाऊ पुढे पुढे, मोबाईलवर स्पीकर लावून भीमगीतं. मलाही आवडतात हो, पण त्या चढावर नुसता पाखरांचा आवाज होता आणि मला तोच हवा होता, दोनदा सांगितलं तरी बंद करेनात, शेवटी मी मुद्दाम मागे राहिले. अकराच्या सुमारास डाव्या टाचेला फोड आला, बाराला फुटला. मोजा चिकटला. पाऊल टाकलं की डोळ्यात पाणी.

वाटेत एका झोपडीवजा दुकानासमोर पाण्याचे माठ मांडलेले होते, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी, तिथे टेकले. एक म्हातारी बाई बाहेर आली, सत्तरीच्या पुढची असेल. तिनं माझ्या पायाकडे बघितलं आणि काही न विचारता खाली बसून बूट काढायला लागली. मी म्हणतेय अहो आजी नको, पाय नका धरू, मराठीतच म्हणतेय, दुसरं सुचलंच नाही. तिनं ऐकलं नाही. मोज्यावर पाणी ओतून तो भिजू दिला आणि मग हळूच सोलल्यासारखा काढला, जखम धुतली, आतून एक स्वच्छ फडकं आणून टर्रकन फाडलं आणि पट्टी बांधली. मग सहाणेवर आपण चंदन उगाळतो तसं थनाका नावाच्या झाडाचं खोड उगाळलं आणि माझ्या दोन्ही गालांना लावलं. गार. पैसे पुढे केले तर हात मागे घेतला.

मी बोट स्वतःकडे करून म्हटलं, इंडिया. मग हात जोडून बुद्धं सरणं गच्छामि म्हटलं. ती एकदम हसली आणि पुढचं तिनं धरलं, त्यांच्या उच्चारात, स चा थ होतो, गच्छामिचं गिस्सामि होतं. तिन्ही सरणं आम्ही दोघींनी बरोबर म्हटली, ती तिच्यासारखी, मी माझ्या आजीसारखी. शेवटी ती थाधु थाधु थाधु, मी साधु साधु साधु.

वर पोचायला चार वाजले. अनवाणी फरशीवरून, पट्टीसकट. यांगूनला सोन्याचा वर्ख घेऊन ठेवला होता, आजीच्या नावानं लावायला. शिळेपाशी पाटी, बायकांना पुढे जायला मनाई. पुरुष जाऊन वर्ख लावत होते, आमचे भाऊही. माहीत होतं आधीपासून, वाचलेलं होतं, तरी तिथे उभं राहिल्यावर अंग तापलं. बुद्धांनी भिक्षुणी संघ उभा केला. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब याच देशात जागतिक बौद्ध परिषदेला आले होते. आणि मी, त्या आजीची नात, चार हात लांब.

भाऊ म्हणाले, आण इकडे, मी लावतो तुझ्या आजीच्या नावानं. मनापासून म्हणाले, त्यात काही वाईट नव्हतं. नाही म्हटलं.

बायका जिथे बसतात तिथे बसले. शेजारी एक आई लेकीला मांडीवर घेऊन पुटपुटत होती. ऊन उतरलं तशी शिळा आधी पिवळी, मग लालसर झाली आणि माझा राग कधी गेला कळलं नाही, नंतर परत आला, जेवताना. रात्री थंडी होती. पहाटे लोक भात, फळं, मेणबत्त्या घेऊन शिळेसमोर आले, मीही मेणबत्ती लावली.

उतरताना ट्रकनं आले, पाय टेकवतच नव्हता. फडकं घरी आल्यावर धुऊन ठेवलंय, आजीच्या फोटोमागे, वर्खाच्या पुडीबरोबर.