वांद्रे गोल फेरी, चौथी खेप: या वेळी उलटी दिशा

वांद्र्याच्या या पायी फेरीच्या आधीच्या तिन्ही खेपा पाली नाका, खारदांडा, कार्टर रोड अशा केल्या होत्या आणि तिन्ही वेळा किल्ल्यावर पोचेस्तोवर साडेदहा वाजले. मे महिन्यात साडेदहाचा किल्ला म्हणजे तापलेला तवा. म्हणून या खेपेला दिशाच फिरवली: आधी समुद्र, मग गल्ल्या. आपला किनारा पश्चिमेचा, त्यामुळे सकाळचं ऊन पाली हिल आणि रस्त्यालगतच्या इमारतींच्या पाठून येतं. नऊपर्यंत कार्टर रोडवर बऱ्यापैकी सावली मिळते. हे कळायला मला तीन उन्हाळे लागले!

मेअखेरचा रविवार, संकष्टी. सव्वासहाला वांद्रे पश्चिमेहून निघालो. हिल रोड, माउंट मेरीचा चढ, मग खाली किल्ला. पोर्तुगिजांनी १६४० साली माहीमच्या खाडीवर नजर ठेवायला तो बांधला. आता तिथून सी लिंक दिसतो आणि शेजारच्या बागेत सकाळी व्यायामवाल्यांची गर्दी असते. दहा मिनिटं झाडाखाली बसलो. हवेत इतका दमटपणा की घाम वाळायचं नाव नाही. मीठ-साखरेचं अर्धा लिटर पाणी इथेच संपलं. बँडस्टँड भराभर उरकलं. बंगल्यांसमोर फोटो काढणाऱ्यांतून वाट काढणं, एवढंच.

चिंबईच्या कोळीवाड्यात मात्र पाऊण तास गेला. भरतीचा हिशेब नेहमीचाच, तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चौथ, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या आगेमागे ओहोटी. साडेआठला पोचलो तेव्हा काळे खडक उघडे पडले होते. दोघी बायका उकिडव्या बसून कालवं काढत होत्या: टोकदार लोखंडाचा एक ठोका, वरचं शिंपलं उडतं, आतला मऊ गोळा डब्यात. जवळून बघायला म्हणून खडकावर उतरलो आणि शेवाळावरून सरळ घसरलो. हात टेकला तो फुटक्या कालवांवर. पात्यासारखी धार असते त्यांना, तळहाताला तीन उभे चरे पडले. "बूट घालून येतात होय इथं?" मावशींनी हातातलं काम न थांबवता विचारलं. त्या स्वतः अनवाणी होत्या. जखम आधी गोड्या पाण्यानं धुवा, हा सल्लाही त्यांचाच.

जॉगर्स पार्क बाहेरूनच पाहिलं. कार्टर रोडला फरसबंदीच्या पलीकडे तिवरं, त्यांच्या मुळांत अडकलेलं प्लास्टिक, आणि अधूनमधून एखादा बगळा.

खारदांड्यात पावणेदहाला पोचलो. १ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे होड्या वर ओढून शाकारायची लगबग सुरू होती. पावसाळ्याच्या बेगमीचे बोंबील वाळत टाकलेले, अंगणात जवळा पसरलेला. आणि मी संकष्टीचा उपास धरून त्या वासात उभा! पिशवीतली साबुदाण्याची खिचडी तिथे उघडायचा धीर झाला नाही. पाली गावात जाऊन खाल्ली.

परतीच्या गल्ल्यांबद्दल पुढे सविस्तर लिहीन, पण उलट्या दिशेचा खरा फायदा इथेच. साडेदहानंतर उन्हात चालावं लागलंच तर ते अरुंद गल्लीत चालावं. पाली आणि रनवारमध्ये लाकडी जिन्यांची जुनी घरं दोन्ही बाजूंनी सावली धरतात. वळणावळणावर क्रूस आहेत. त्यांतले बरेच १८९६ च्या प्लेगच्या साथीत उभारलेले. रनवारात एका क्रुसाला ताज्या झेंडूचा हार होता.

पावणेबाराला स्टेशन. एकूण ११.४ किलोमीटर, साडेपाच तास. डाव्या टाचेला फोड नाही, म्हणजे जाड मोज्यांचा प्रयोग यशस्वी. उजव्या बुटाचा तळवा मात्र पुढून सुटलाय, मोच्याकडे टाकायचा आहे.

पाचवी खेप सप्टेंबरात, पण ८ तारखेच्या आधीच. मोतमाउलीची, म्हणजे माउंट मेरीची, जत्रा लागली की तो चढ चालण्याच्या लायकीचा राहत नाही.