मक्का-मदिनेची जियारत : बसवाल्याच्या भरवशावर राहू नका

टूरवाल्याच्या कागदावर ठळक अक्षरांत छापलं होतं, "मक्का-मदिना संपूर्ण जियारत, एसी बस, सर्व ऐतिहासिक स्थळं". जियारत म्हणजे पवित्र स्थळांचं दर्शन. निघण्याआधीच्या बैठकीत मी दोनदा विचारलं की मक्केजवळचा सौर नावाचा डोंगर चढायला मिळेल का, मौलुदचं, म्हणजे पैगंबरांच्या जन्माचं ठिकाण दाखवणार का. दोन्ही वेळा उत्तर एकच, "सगळं आहे, तुम्ही फक्त चला." आम्ही चिपळूणहून चौघं गेलो होतो : मी, बायको, अम्मी आणि मामेभाऊ. जानेवारी 2025.

ती संपूर्ण जियारत अशी झाली. सकाळी साडेसातला बस निघाली. सौर डोंगराच्या पायथ्याशी पाच मिनिटं थांबली, सोबतच्या माणसाने माईकवरून "वो ऊपर देखो" म्हटलं, लोकांनी काचेतून मोबाईल धरले. अरफातला जबल-ए-रहमतपाशी पंचवीस मिनिटं. मुज्दलिफा आणि मिना, हे हजचे मुक्काम, चालत्या बसमधून. नूर डोंगराच्या पायथ्याशी दहा मिनिटं, जन्नतुल मुअल्ला सिग्नलला गाडी थांबली तेवढीच. साडेअकराला हॉटेलच्या दारात परत. अम्मी खिडकीच्या उलट्या बाजूला बसली होती, तिला मुअल्ला दिसलंच नाही. पैगंबरांच्या पत्नी हजरत खदिजा (र.) यांची कबर ज्या कब्रस्तानात आहे ते तिला पाहायचं होतं, बाकी कशाचा तिने हट्ट धरला नव्हता. मी भांडलो. "फिर कभी" असं उत्तर मिळालं. त्यानंतरचे सगळे दिवस आम्ही स्वतः फिरलो. पुढचं सगळं त्या फिरण्यातलं आहे.

आधी आजोबांबद्दल सांगतो, कारण मी काय शोधत होतो ते त्याशिवाय कळणार नाही. आमचे आजोबा 1976 साली मुंबईहून 'अकबर' जहाजाने हजला गेले होते. (जहाजाने हजला जाणं 1995 मध्ये बंद झालं, आता सगळे विमानाने.) आम्ही लहान असताना ते मक्केचं वर्णन करायचे, त्यात तवाफचं, म्हणजे काब्याभोवतीच्या फेऱ्यांचं, एक वाक्य हमखास असायचं : "तवाफ करताना मान वर केली की डोंगरावर किल्ला दिसतो." तो अजयादचा किल्ला. अठराव्या शतकाच्या शेवटी उस्मानी तुर्कांनी हरमच्या, म्हणजे काब्याभोवतीच्या मशिदीच्या, रक्षणासाठी बांधलेला. 2002 च्या सुरुवातीला तो पाडला आणि खालचा डोंगरही कापून सपाट केला. आता त्या जागी घड्याळाचा 601 मीटर उंच टॉवर, हॉटेलं आणि मॉल आहे. मी पहिल्या तवाफात मान वर केली, तेव्हा हिरव्या दिव्यांचं घड्याळ दिसलं. किल्ला पाडलाय हे मला आधीपासून माहीत होतं, तरी घशात काही अडकल्यासारखं झालं.

मी विस्ताराच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहितो. 2024 मध्ये बाहेरच्या देशांतून उमऱ्याला (हजच्या दिवसांव्यतिरिक्तही करता येणाऱ्या मक्का-यात्रेला) आलेल्यांची संख्या 1 कोटी 69 लाखांच्या आसपास होती आणि सौदी सरकारला 2030 पर्यंत ती 3 कोटींवर न्यायची आहे. पूर्वी मताफमध्ये, म्हणजे तवाफच्या अंगणात, तासाला सुमारे 50 हजार माणसं मावायची, आता एक लाखाहून जास्त मावतात. अम्मीसारख्या गुडघेदुखीच्या बाईला शांतपणे तवाफ करता आला तो या रुंदीमुळेच. पण किल्ल्याच्या जागेवर हॉटेल आलं, त्याने मताफ एक फूटही वाढला नाही.

हरमच्या आत मात्र एक गोष्ट वाचली आहे. बहुतेक लोक तिच्याखालून जातात, वर कोणी बघत नाही. मताफच्या कडेला छोट्या घुमटांच्या कमानींची रांग आहे, ती उस्मानी काळातली, सोळाव्या शतकातल्या सुलतान दुसऱ्या सलीमच्या वेळी सुरू झालेली. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या विस्तारात ती उतरवली. कायमची जाईल अशी भीती होती, तुर्कस्तानातून बराच ओरडा झाला. शेवटी दगड दुरुस्त करून रांग पुन्हा उभी केली. तवाफ संपल्यावर तिथे एखाद्या खांबाला टेकून बसा. मागची नवी भिंत आरशासारखी गुळगुळीत आहे आणि या जुन्या खांबांचे दगड एकसारखे नाहीत, एक तांबूस, शेजारचा राखाडी. मी इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर अर्धा तास तेवढेच पाहत बसलो होतो.

मौलुदचं ठिकाण, म्हणजे पैगंबर (स.) यांचा जन्म झाला असं मानतात ती जागा, हरमच्या पूर्वेच्या अंगणापलीकडे चालत पाच-सात मिनिटांवर आहे. तिथे 1950 च्या दशकात वाचनालय बांधलं गेलं आणि त्यामुळेच ती जागा टिकली. आम्ही गेलो तेव्हा दार बंद होतं. बाहेर अनेक भाषांत पाटी आहे की या जागेचा पुरावा नाही, इथे नमाज-दुआ करू नये. मला त्या पाटीचं वाईट वाटलं नाही. कबरींपुढे, दगडांपुढे झुकू नये हे माझंही मत आहे. पण मग पाटीने जे काम होतं त्याला बुलडोझर कशाला? हजरत खदिजा (र.) यांचं घर 1989 मध्ये उत्खननात सापडलं होतं. सामी अंगावी या मक्केच्याच वास्तुविशारदाने घाईघाईत नोंदी घेतल्या, नंतर ते बुजवलं. आज तिथे बघायला काहीही नाही. कोणी पैसे घेऊन "घर दाखवतो" म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

आता सौर. यावर जरा जास्त लिहितो, कारण आमची सगळ्यात वाईट सकाळ तीच होती.

हिजरतच्या, म्हणजे मक्केहून मदिनेला केलेल्या स्थलांतराच्या वेळी पैगंबर (स.) आणि त्यांचे साथीदार हजरत अबू बक्र (र.) तीन रात्री ज्या गुहेत लपले ती या डोंगराच्या माथ्याजवळ आहे. हरमच्या दक्षिणेला, गाडीने पंधरा-वीस मिनिटं. फजर (पहाटेची नमाज) हरममध्ये पढून मी आणि मामेभाऊ टॅक्सीने 25 रियालमध्ये पोचलो. सव्वासातला चढायला लागलो, गुहेपाशी पोचायला पावणेदोन तास लागले. सह्याद्रीतले किल्ले चढणाऱ्याला चढ जड नाही. त्रास आहे तो सावलीचा आणि पायऱ्यांचा. झाड एकही नाही. पायऱ्या कुठे गुडघ्याएवढ्या उंच, कुठे नुसता मुरूम, आणि काही ठिकाणी ओल्या सिमेंटचे ताजे थर. हे सिमेंट कोण टाकतं ते लक्ष देऊन वाचा. वळणावर एक माणूस थापी आणि घमेलं घेऊन बसलेला असतो, तुम्ही दिसलात की दोन थाप्या मारतो आणि "सदका, हाजी, रास्ता बना रहा हूँ" म्हणून हात पुढे करतो. असे आम्हाला पाच भेटले. पहिल्याला आम्ही 10 रियाल दिले. उतरताना बघितलं तर त्याच पायरीवर तेच सिमेंट उकरून पुन्हा थापत होता. चौदाशे वर्षांच्या वाटेवर रोज असं सिमेंट चढतंय. एक रियालही देऊ नका.

वर गुहेचा दगड पालथ्या होडीसारखा आहे. आत वाकून, जवळजवळ रांगत जावं लागतं, दोन्ही बाजूंना तोंडं आहेत. आणि बाहेर, आत, छतापर्यंत रंगाने लिहिलेली नावं. उर्दू, बंगाली, तुर्की. गुहेच्या उजव्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, एका दगडावर हिरव्या ऑइलपेंटने देवनागरीत एक नाव आणि खाली "कोल्हापूर". रंगाचे ओघळ वाळून खालपर्यंत आले होते. म्हणजे हा माणूस इतक्या लांबून रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन तो डोंगर चढला. सरकारने काय पाडलं याचा हिशेब आपण मांडतो, आणि जे उभं आहे त्यावर आपलेच लोक हे करतात. मी ते नाव ओल्या रुमालाने घासून पाहिलं. निघालं नाही.

उतरताना दहा वाजून गेले होते, पाणी संपलं होतं, मामेभावाचा गुडघा दुखायला लागला होता. पायथ्याशी तीन टॅक्सीवाले, तिघेही एकाच सुरात 120 रियाल म्हणाले. रियाल तेव्हा 23 रुपयांच्या आसपास, म्हणजे पावणेतीन हजार रुपये, वीस मिनिटांसाठी. घासाघीस करून 80 दिले. मोबाईलचं नेट वर चालत होतं, खाली येईपर्यंत बॅटरी संपलेली, त्यामुळे अॅपवरून गाडी बोलावता आली नाही. तुम्ही पॉवर बँक न्या, किंवा सोडणाऱ्या ड्रायव्हरलाच जाताना परतीचं ठरवून, पैसे परतीला देईन असं सांगा. माणशी दोन लिटर पाणी, घट्ट बूट, उन्हं चढायच्या आत परत. चप्पल घालून चढणारे आम्ही पाहिले, तशीच एक बाई पाय मुरगळून बसलेली पाहिली. पन्नाशीपुढच्यांना आणि गुडघ्यांची तक्रार असलेल्यांना सौर नको, हे मी ठामपणे सांगतो. मार्च ते ऑक्टोबरमध्ये तर तरुणांनीही जाऊ नये.

नूर डोंगरावरची हिरा गुहा त्या मानाने सोपी. पायऱ्या बऱ्या आहेत, तासाभरात माणूस वर पोचतो. शेवटी दोन खडकांतल्या फटीतून अंग चोरून जावं लागतं, तिथेच रेटारेटी होते, लहान मुलांना तिथे नेऊ नका. पायथ्याशी 2023 पासून हिरा सांस्कृतिक केंद्र सुरू झालंय, त्यात वह्यीवर, म्हणजे पैगंबरांना (स.) आलेल्या ईश्वरी संदेशावर, प्रदर्शन आहे. अम्मीला आम्ही तिथे बसवून वर गेलो, तिने ते दोनदा पाहिलं.

आणि आता ती जागा, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलो. मस्जिद-ए-बैआ. मिनात जमरातच्या, म्हणजे हाजी सैतानाला खडे मारतात तिथल्या, मोठ्या पुलापासून मक्केच्या बाजूला थोडं पुढे. यसरिबहून (मदिनेचं जुनं नाव) आलेल्या अन्सारांनी, म्हणजे तिथल्या पाठीराख्यांनी, हिजरतच्या आधी अकबा इथे पैगंबरांना (स.) बैअत (निष्ठेची शपथ) दिली, त्या जागी अब्बासी खलिफा मन्सूरने हिजरी 144 मध्ये ही मशीद बांधली. ती एका टेकडीआड दडलेली होती. जमरातच्या विस्तारासाठी टेकडी कापली तेव्हा ती उघडी पडली, आणि ती पाडली नाही! चहूकडे नवे रस्ते, पूल, तंबूंच्या पांढऱ्या रांगा, आणि मधोमध ही बुटकी, पिवळसर, बिनछपराची मशीद. हजचे दिवस सोडून मिना ओस असतं. कुंपणाला कुलूप होतं, आत जाता आलं नाही. आम्ही चौघं जाळीला धरून उभे राहिलो. बाहेरच्या भिंतीतले कोरीव लेख अम्मीला वाचता येत नव्हते, ती म्हणाली, "साडेबाराशे वर्षं झाली ना रे याला? मग पाडलंच पाहिजे असं काही नव्हतं." मला इतका आनंद झाला की टॅक्सीवाला मागेल ते देऊन टाकलं असतं. सुदैवाने त्याने ठरलेले 60 च घेतले, तेही तिथे अर्धा तास थांबून. माझं मत, मक्केत एकच जियारत करायला वेळ असेल तर इथे या. बस इथे थांबत नाही.

उम्मुल जूद भागात हरमैनच्या, म्हणजे मक्का-मदिनेच्या दोन्ही पवित्र मशिदींच्या, बांधकामाचं संग्रहालय आहे, गिलाफ (काब्याचं आवरण) बनवणाऱ्या कारखान्याजवळ, फुकट. जमजमच्या विहिरीचं जुनं तोंड, काब्याची जुनी लाकडी शिडी, हरममधून निघालेलं बरंच काही तिथे आहे. निघण्याआधी वेळ विचारून घ्या, आम्ही पहिल्या खेपेला बंद दारावरून परतलो. अरफातला गेलात तर जबल-ए-रहमतच्या पायथ्याला लागून जाणारी दगडी भिंत पाहा. ती जुबैदाच्या कालव्याची आहे, हारून अल-रशीदच्या बेगमने हाजींच्या पाण्यासाठी काढलेल्या. लोक तिच्यावर बसून ज्यूस पितात.

मदिनेला हरमैन रेल्वेने गेलो, छान झालं. मस्जिद-ए-नबवीत, म्हणजे पैगंबरांच्या (स.) मशिदीत, रियाजुल जन्नत या तिथल्या खास पवित्र भागासाठी नुसुक या सरकारी अॅपवर परवाना आधीच काढा, आम्ही गेलो तेव्हा तो वर्षातून एकदाच मिळायचा.

सबा मसाजिदला, म्हणजे खंदकाच्या लढाईच्या जागेच्या सात मशिदींना, बस दहा मिनिटं थांबते. नाव सात, मशिदी मुळात सहाच. सातवी म्हणून काही जण मदिनेतलीच किब्लतैन मशीद धरतात. त्यातलीही हजरत अबू बक्र (र.) यांच्या नावाची पाडली गेली. शेजारी मोठी नवी खंदक मशीद आहे. खंदकाचा मागमूस नाही. सला डोंगराच्या उतारावरची फतह मशीद तेवढी पायऱ्या चढून पाहा, बाकीच्यांसाठी वेळ घालवू नका. त्यापेक्षा नबवीच्या नैर्ऋत्येला चालत दहा मिनिटांवर गमामा मशीद आहे, काळ्या दगडाची, घुमटांची, तिथे असरपर्यंत (दुपार उलटल्यावरची नमाज) सावलीत बसता येतं. हिजाज रेल्वेचं 1908 चं स्टेशनही उभं आहे.

मदिनेतली कुबा मशीद लवकर पाहा. आजची मशीद 1980 च्या दशकातली, पण सरकारने 2022 मध्ये ती दहापट वाढवायची घोषणा केली आहे, 66 हजार नमाजींसाठी. नबवीपासून कुबापर्यंत सुमारे तीन किलोमीटरचा पायी रस्ता आहे. असरनंतर निघा, म्हणजे मगरिब (सूर्यास्ताची नमाज) तिथे मिळते.

परतीला जेद्दाहून विमान असेल आणि पाच-सहा तास हाताशी असतील, तर विमानतळावर बसू नका. सामान ठेवून अल-बलदला जा. लाकडी सज्जांची जुनी घरं तिथे अजून गल्लीगल्लीत उभी आहेत, 2014 पासून ती जागतिक वारशात आहेत. मक्केतही अशीच घरं होती, आजोबा ज्या घरात उतरले होते त्याच्या सज्जाचं वर्णन त्यांनी केलं होतं. अम्मीने तिथल्या एका दाराच्या कडीला हात लावून बघितला आणि मला फोटो काढायला सांगितलं. बाब मक्का नावाच्या वेशीपासून चालायला सुरुवात करा. विमानतळापर्यंत टॅक्सीला तासभर धरा.